गोबीतले सायलो आणि नागरिकांची नजर

चीनच्या कान्सू प्रांतात युमेन शहराच्या परिसरात गोबीचे वाळवंट पसरले आहे. खडी, वाळू, तुरळक खुरटी झुडपे आणि वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र आकाश. जून २०२१ च्या अखेरीस ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने या ओसाड भूभागाविषयी दिलेल्या बातमीने जगभरच्या संरक्षण मंत्रालयांना खडबडून जागे केले. तिथे आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी सुमारे १२० सायलो बांधले जात होते. सायलो म्हणजे क्षेपणास्त्र उभे ठेवण्यासाठी आणि तिथूनच डागण्यासाठी जमिनीत बांधलेली, जाड झाकणाची खोल विहीर. तोवर चीनकडे असे जेमतेम २० सायलो असल्याचे मानले जाई आणि तेही डीएफ-५ या जुन्या, द्रवरूप इंधनाच्या क्षेपणास्त्रांसाठी. त्याच्या सहापट बांधकाम आता एकाच वाळवंटात, एकाच वेळी सुरू होते.

हा शोध डेकर इव्हलेथ या तरुण संशोधकाचा. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील मिडलबरी इन्स्टिट्यूटमध्ये जेफ्री लुईस या अण्वस्त्रप्रसाराच्या अभ्यासकासोबत तो काम करत होता. त्याच्या हाताशी लष्करी उपग्रह नव्हता. प्लॅनेट लॅब्स या खासगी कंपनीने टिपलेल्या व्यापारी प्रतिमा होत्या आणि काय शोधायचे याची नेमकी जाण होती. महिना उलटायच्या आत फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स या संस्थेच्या मॅट कोर्डा आणि हान्स क्रिस्टनसेन यांनी तिथून सुमारे ३८० किलोमीटर वायव्येला, शिनजियांगमधील हामीजवळ दुसरे क्षेत्र शोधून काढले. तिथे सुमारे ११० सायलोंची आखणी दिसत होती. ऑगस्टमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एअर युनिव्हर्सिटीतील अभ्यासक रॉड ली यांनी इनर मंगोलियातील ऑर्डोसजवळचे तिसरे क्षेत्र उघड केले. सगळ्यांची साधने तीच होती. पैसे मोजून कोणालाही मिळू शकतील अशा प्रतिमा, आणि त्या वाचण्याचा सराव.

गेल्या काही दशकांतल्या अण्वस्त्रांविषयीच्या सर्वांत मोठ्या बातम्यांपैकी ही एक. ती कोणत्याही सरकारने जगाला सांगितलेली नाही. पेंटागॉनला आपल्या उपग्रहांतून हे दिसत असणारच, पण सामान्य नागरिकाला ते कळले संशोधकांमुळे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलांची जबाबदारी असलेल्या स्ट्रॅटेजिक कमांडने हामीची बातमी आल्यावर समाजमाध्यमांवर जाहीर दखल घेतली ती याच अर्थाने. आपण जे सांगत आलो तेच दोन महिन्यांत दुसऱ्यांदा लोकांनी स्वतः शोधून काढले, असा त्या निवेदनाचा आशय होता. उपग्रह प्रतिमांचे वाचन आता कोण्या एका गुप्तचर खात्याची मिरासदारी राहिलेली नाही. भारतासारख्या देशाने, ज्याच्या दोन शेजाऱ्यांकडे अण्वस्त्रे आहेत, हे काम नागरी क्षेत्रात, उघडपणे आणि पुराव्याच्या शिस्तीने उभे केले पाहिजे. ते आज पुरेसे उभे नाही.

वाळवंटात क्षेपणास्त्रतळ का बांधतात, याची कारणे सरळ आहेत. वस्ती विरळ असते, जमीन स्वस्त आणि सपाट असते, भूजल खोल असल्याने खोदकाम कोरडे राहते. समुद्रापासूनचे अंतरही संरक्षण देते. पण वाळवंटाचा स्वभाव लपवण्याच्या विरोधात जातो. आकाश निरभ्र म्हणून उपग्रहाला रोज स्वच्छ प्रतिमा मिळते. झाडोरा नाही म्हणून जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि पाऊस नाही म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन यांच्या रणगाड्यांनी सरावादरम्यान कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात उमटवलेल्या चाकोऱ्या आजही हवाई छायाचित्रांत ओळखता येतात.

मग गोबीतल्या त्या खुणा सायलोंच्याच आहेत, हे कसे ठरले? बातमी येताच चिनी समाजमाध्यमांवर असा प्रतिवाद झाला की ही तर पवनचक्क्यांची पायाभरणी आहे. प्रतिवाद अगदीच हवेतला नव्हता. कान्सूच्या याच पट्ट्यात, च्यूछ्वानच्या परिसरात, चीनचे अतिप्रचंड पवनऊर्जा प्रकल्प उभे आहेत. वरून पाहता पवनचक्कीचा पायाही वाळूतला एक गोल खड्डाच असतो.

संशोधकांचे उत्तर एका खुणेवर अवलंबून नव्हते, अनेक खुणांच्या जुळणीवर होते. पहिली खूण आखणीची. सायलो एकमेकांपासून साधारण तीन किलोमीटर अंतरावर, जाळीच्या नियमित रचनेत होते. शत्रूच्या एका अण्वस्त्राने दोन सायलो निकामी होऊ नयेत, यासाठी असे अंतर ठेवतात. दुसरी खूण आच्छादनांची. बांधकामाच्या अनेक जागांवर हवेने फुगवलेले मोठे घुमट उभारले होते. पवनचक्कीचा पाया कोणी आकाशापासून झाकत नाही. तिसरी खूण पूर्वीच्या ओळखीची होती आणि तीच सर्वांत महत्त्वाची. इनर मंगोलियातील जिलानताई येथे चीनच्या क्षेपणास्त्रदलाचे, म्हणजे रॉकेट फोर्सचे, प्रशिक्षण क्षेत्र आहे. तिथल्या नव्या सायलोंवर क्रिस्टनसेन आधीपासून लक्ष ठेवून होते आणि तिथेही अशीच आच्छादने वापरलेली होती. इव्हलेथ शोधत होता ते हेच घुमट. चौथी खूण जमिनीखालच्या सोयींची. नियंत्रण केंद्रे असावीत अशी भूमिगत बांधकामे, त्यांच्याकडे जाणारे केबलचे चर, अवजड वाहने वळू शकतील असे रस्ते. यातली एकेक खूण सुटी घेतली तर तिचा दुसरा अर्थ लावता येतो. चारही एकत्र घेतल्या की पवनचक्की हे स्पष्टीकरण टिकत नाही.

पेंटागॉनच्या २०२३ च्या वार्षिक अहवालाने नंतर याला दुजोरा दिला. तिन्ही क्षेत्रांचे बांधकाम २०२२ मध्ये बहुधा पूर्ण झाले असून त्यांत मिळून किमान ३०० सायलो आहेत आणि त्यांतल्या काहींत क्षेपणास्त्रे बसवली आहेत, असे त्यात म्हटले होते.

प्रतिमावाचनाची ही पद्धत समजून घेण्यासाठी इराणमधील शाहरूदचे उदाहरण आणखी बोलके आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये तेहरानजवळच्या एका क्षेपणास्त्र केंद्रात प्रचंड स्फोट झाला. इराणच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार मानले जाणारे जनरल हसन तेहरानी मोघद्दम त्यात मरण पावले. त्यांच्यासोबत लांब पल्ल्याच्या घनइंधन क्षेपणास्त्रांचे कामही संपले, असा समज पसरला. मे २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने माँटेरेच्याच संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो समज डळमळला. इराणी माध्यमांत मोघद्दम यांच्याविषयी आलेल्या मजकुरातून आणि छायाचित्रांतून धागा पकडत हे अभ्यासक शाहरूदजवळच्या वाळवंटातील एका केंद्रापर्यंत पोहोचले. तिथे जमिनीवर भाजल्याच्या मोठ्या खुणा होत्या. रॉकेटचे इंजिन आडवे बांधून चालवून पाहिले की ज्वाळा वाळूवर असा डाग सोडतात. चाचणीसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्याच्या आकारावरून त्याचे वजन काढले गेले, आणि वजनावरून तो किती जोर सहन करण्यासाठी बांधला असावा याचा अंदाज बांधला गेला. रडार प्रतिमांतून तिथल्या वाहनांच्या वर्दळीचाही माग लागला. वाळूवरचा डाग आणि शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र एवढ्या भांडवलावर एका बंदिस्त राजवटीचा गुप्त कार्यक्रम चर्चेच्या पटावर आला.

या कामात यंत्रापेक्षा माणसाचा संयम जास्त लागतो. सूर्याचा कोन ठाऊक असला की सावलीच्या लांबीवरून इमारतीची उंची काढता येते. एकाच जागेच्या सहा महिन्यांच्या, दोन वर्षांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की रस्ता आधी आला की कुंपण, हे कळते, आणि त्या क्रमावरून बांधकामाचा हेतू उलगडतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या स्पष्टतेने, प्रतिमा विनामूल्य देतात. त्यात सायलोचे झाकण दिसणार नाही, पण वाळवंटात नव्याने उकरलेली जमीन नक्की दिसते. प्लॅनेटचे छोटे उपग्रह तीन-चार मीटरच्या स्पष्टतेने पृथ्वीचा जवळजवळ सगळा भूभाग रोज टिपतात. कुठे पाहायचे हे यांतून ठरते, आणि मग त्या ठिकाणाची तीस-पन्नास सेंटिमीटरची महागडी प्रतिमा विकत घ्यायची.

अशा शोधांमुळे भीतीच वाढते, असा एक आक्षेप असतो. इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी केली, त्यापाठोपाठ स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत घबराट पसरली. सोव्हिएत क्षेपणास्त्रांची संख्या अमेरिकेच्या कितीतरी पुढे जाणार, या कथित ‘क्षेपणास्त्र तफावती’वर जॉन केनेडी यांनी १९६० ची निवडणूक गाजवली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोरोना या गुप्त कार्यक्रमाच्या उपग्रहाने अंतराळातून टाकलेली फिल्मची कुपी अमेरिकी विमानाने हवेतच पकडली. त्या एका कुपीत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग होता, तेवढा यू-२ या टेहळणी विमानांच्या तोवरच्या सगळ्या उड्डाणांना मिळून टिपता आला नव्हता. कझाकस्तानच्या ओसाड पठारावरचे त्युराताम प्रक्षेपणकेंद्र यू-२ ने १९५७ मध्येच हुडकले होते. आता इतर ठिकाणेही एकेक करून तपासता आली. सप्टेंबर १९६१ च्या गुप्तचर अंदाजात सोव्हिएत आंतरखंडीय प्रक्षेपकांची संख्या १० ते २५ वर आली. तफावत होती, पण ती अमेरिकेच्या बाजूने.

हा अंदाज तेव्हा गुप्त राहिला आणि कोरोनाच्या प्रतिमा जनतेसाठी १९९५ मध्ये खुल्या झाल्या. दरम्यान शस्त्रस्पर्धेवर जो पैसा ओतला गेला, त्यातला किती भाग अज्ञानाच्या भीतीपोटी होता, हा प्रश्न अमेरिकी करदात्याला वेळेवर विचारताच आला नाही. उपग्रहांच्या नजरेनेच पुढे शस्त्रनियंत्रण शक्य केले, हेही तितकेच खरे. १९७२ च्या सॉल्ट करारात दोन्ही महासत्तांनी एकमेकांच्या टेहळणी साधनांत अडथळा आणायचा नाही आणि पडताळणी रोखण्यासाठी मुद्दाम लपवाछपवी करायची नाही, असे मान्य केले होते. मोजता येते म्हणूनच मर्यादा घालता येते. चीन, भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणारा असा कोणताही करार नाही. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात आणि क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना देतात, तेवढाच आधार.

आता मर्यादांकडे वळले पाहिजे. प्रतिमा खड्डा दाखवते, खड्ड्यात काय आहे हे दाखवत नाही. युमेनची बातमी आली तेव्हा लुईस यांनी स्वतःच एक शक्यता मांडली होती. सायलो शंभराहून अधिक असले तरी क्षेपणास्त्रे थोडीच असतील आणि ती या सायलोतून त्या सायलोत हलवली जातील, म्हणजे शत्रूला सगळ्यांवरच नेम धरावा लागेल. ही कल्पना नवी नव्हती. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेव्हाडा आणि युटाच्या वाळवंटांत ४,६०० आश्रयस्थाने बांधून त्यांत फक्त २०० एमएक्स क्षेपणास्त्रे फिरवत ठेवण्याची योजना आखली होती. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये ती रद्द केली. चीनच्या मनात नेमके काय आहे, हे आकाशातून वाचता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने अमेरिकी गुप्तचरांच्या हवाल्याने दिलेली बातमी तर याहून पुढची होती. रॉकेट फोर्समधील भ्रष्टाचारामुळे काही क्षेपणास्त्रांत इंधनाऐवजी पाणी भरलेले होते आणि पश्चिम चीनमधल्या काही सायलोंची झाकणे नीट उघडत नव्हती, असा तो दावा होता. त्या दाव्यात किती तथ्य आहे हे ठरवण्यासाठी कोणताही उपग्रह उपयोगी पडणार नाही.

आणि चुकीच्या वाचनाची किंमत? ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकमधल्या ताजी येथील दारूगोळा कोठारांच्या उपग्रह प्रतिमा पडद्यावर दाखवल्या. कोठारांजवळ उभे असलेले वाहन रासायनिक अस्त्रांच्या गळतीसाठी ठेवलेले निर्विषीकरणाचे वाहन आहे, असे त्यांनी सांगितले. नऊ दिवसांनी, त्याच परिषदेत, शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी या प्रतिमांवर बोट ठेवले. तिथली हालचाल नेहमीच्या कामाचाही भाग असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. ब्लिक्स यांचे ऐकले गेले नाही. मार्चमध्ये युद्ध सुरू झाले. सामूहिक संहाराच्या अस्त्रांचे साठे नंतर सापडले नाहीत. त्या वाहनाची प्रतिमा बनावट नव्हती. तिच्यावर लादलेला अर्थ आधी ठरवलेला होता आणि तो तपासून पाहण्याची संधी बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली नाही.

युमेन आणि ताजी यांच्यातला फरक इथे आहे. युमेनची प्रतिमा, अक्षांश-रेखांश आणि तर्काची प्रत्येक पायरी सगळ्यांसमोर मांडली गेली. म्हणूनच पवनचक्कीचा आक्षेप घेता आला आणि त्याला मुद्देसूद उत्तरही देता आले. ताजीच्या प्रतिमेला सरकारी शिक्का होता आणि श्रोत्यांनी विश्वास ठेवावा एवढीच अपेक्षा होती.

भारताला या विद्येची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणच्या वाळवंटात अणुचाचणीची तयारी सुरू असल्याचे अमेरिकी उपग्रहांनी टिपले. राजदूत फ्रँक विस्नर यांनी दिल्लीत प्रतिमा दाखवून दबाव आणला आणि पंतप्रधान नरसिंह राव यांच्या काळात ती चाचणी झाली नाही. पुढच्या वेळी लष्कराच्या ५८ इंजिनीअर रेजिमेंटने आणि शास्त्रज्ञांनी धडा पक्का गिरवला. काम मुख्यतः रात्री चाले. पहाट होण्याआधी वाहने आणि यंत्रे पुन्हा ठरलेल्या जागी उभी केली जात, म्हणजे सकाळच्या उपग्रहाला कालचेच दृश्य दिसावे. उपसलेल्या वाळूचे ढीग वाऱ्याने बनवलेल्या टेकड्यांसारखे घडवले जात. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. अब्दुल कलाम यांचे तिथले नाव मेजर जनरल पृथ्वीराज असे होते. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून अणुस्फोटकाचा गाभा विमानाने राजस्थानात आणला गेला. ११ मे १९९८ रोजी स्फोट झाले तेव्हा अमेरिकी गुप्तचर यंत्रणा गाफील होती आणि त्या अपयशाची चौकशी निवृत्त अॅडमिरल डेव्हिड जेरेमाया यांच्याकडे सोपवावी लागली.

पोखरणचा अभिमान योग्यच. मात्र त्यातून ‘लपवणे म्हणजे सुरक्षा’ एवढाच निष्कर्ष काढणे आता कालबाह्य झाले आहे. १९९८ मध्ये वाळवंटावरून जाणारे टेहळणी उपग्रह मोजके होते आणि त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा ठाऊक होत्या. आज दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या देशांचे आणि कंपन्यांचे उपग्रह तिथून जातात. रडार उपग्रहांना तर रात्र आणि ढग यांचाही अडथळा नाही. चीनला हे माहीत नव्हते असे मानता येत नाही. तीनशेहून अधिक सायलो मोकळ्या वाळवंटात बांधताना, जगाला ते दिसणार हे बीजिंगने गृहीतच धरले असावे, किंबहुना ते दिसावेत अशीच इच्छा असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

नागरिकांनी प्रतिमा वाचण्याचा लाभ भारताला मिळालेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेमियन सायमन या मुक्त-स्रोत विश्लेषकाने पँगाँग सरोवरावर चीन बांधत असलेल्या पुलाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. काही दिवसांतच परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर बोलावे लागले आणि हा पूल साठ वर्षे चीनने बेकायदा बळकावलेल्या प्रदेशात असल्याचे प्रवक्त्यांनी सांगितले. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ या भारताच्या लष्करी कारवाईनंतर नूर खान, सरगोधा, भोलारी, रहीम यार खान या पाकिस्तानी हवाईतळांवरचे नुकसान व्यापारी प्रतिमांत दिसले आणि भारताचा दावा जगापुढे भक्कम झाला.

पण हीच नजर २०१९ मध्ये गैरसोयीची ठरली होती. पाकिस्तानातील बालाकोटवर भारताने फेब्रुवारीत केलेल्या हवाई कारवाईनंतर ‘रॉयटर्स’ने प्लॅनेटच्या प्रतिमांच्या आधारे लिहिले की तिथल्या मदरशाच्या इमारती उभ्याच दिसतात. अस्त्रे छपराला भोक पाडून आत फुटणारी असल्याने बाहेरून विध्वंस दिसणार नाही, असे उत्तर त्यावर दिले गेले. ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. ते पटवण्याचा मार्ग मात्र अधिक स्पष्ट प्रतिमा लोकांसमोर ठेवणे हा होता. त्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्यांच्या देशभक्तीवरच शंका घेतली गेली. आपल्या बाजूची प्रतिमा आली की ती पुरावा आणि विरुद्ध बाजूची आली की ती कारस्थान, अशी दुहेरी मोजपट्टी धरली तर भारताच्या २०२५ च्या भक्कम पुराव्याचेही मोल कमी होते. दोन्ही वेळी प्रश्न एकच असायला हवा: प्रतिमेत नेमके काय दिसते, त्यावरून काय अनुमान निघते, आणि कोणती गोष्ट तिच्यातून कळूच शकत नाही?

ही शिस्त शिकवण्याजोगी आहे. महाराष्ट्रात तिचा पाया तयार आहे. पवईच्या आयआयटीत दूरसंवेदनाचे अध्यापन-संशोधन पन्नास वर्षांच्या आसपास चालू आहे. नागपुरात इस्रोचे प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आहे आणि राज्य सरकारचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही आहे. पीकपाहणी, पाणलोट, वनक्षेत्र यांचे नकाशे बनवणारे तरुण तिथे घडतात. ज्या नजरेने द्राक्षबागेखालचे क्षेत्र मोजले जाते, तीच नजर वाळवंटातल्या खणलेल्या जमिनीचाही माग काढू शकते. कमतरता आहे ती त्या कौशल्याला संरक्षण, परराष्ट्रनीती आणि इतिहास यांच्या अभ्यासाशी जोडणाऱ्या अभ्यासक्रमांची, आणि अशा पदवीधरांना नोकरी देणाऱ्या वृत्तपत्रांची व संशोधन संस्थांची. माँटेरेसारखे एखादे केंद्र पुण्यात का असू नये? तिथे लष्कराचे निवृत्त अधिकारी आहेत, विद्यापीठ आहे, चिनी आणि रशियन भाषा शिकवणारे विभाग आहेत. चिनी निविदा, स्थानिक बातम्या आणि कंपन्यांच्या जाहिराती वाचता आल्याशिवाय चिनी वाळवंटाची प्रतिमा अर्धीच वाचली जाते.

दुसरी गरज आहे प्रतिमांची. अमेरिकी कंपन्यांवर पूर्ण विसंबणे किती धोक्याचे आहे, हे मार्च २०२५ मध्ये दिसले. अमेरिकी सरकारच्या निर्णयामुळे युक्रेनला मॅक्सार या कंपनीच्या प्रतिमा मिळणे काही काळ थांबले. इस्रायलच्या भूभागाच्या स्पष्ट प्रतिमा विकण्यावर अमेरिकी कायद्याने १९९० च्या दशकापासून खास बंधन घातले होते आणि ते २०२० मध्ये सैल केले गेले, हे उदाहरणही जुने नाही. भारताकडे स्वतःचे सामर्थ्य आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची स्पष्टता पंचवीस सेंटिमीटरच्या घरात आहे. २०२१ च्या भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक सूचनांनी आणि २०२३ च्या अंतराळ धोरणाने दारे किलकिली केली. पाच मीटर किंवा त्याहून कमी स्पष्टतेचा विदा सर्वांना विनामूल्य देण्याचे त्या धोरणात नमूद आहे. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाचा रडार विदाही जगाला खुला ठेवण्याचे ठरले आहे. जमिनीची काही सेंटिमीटरची हालचाल टिपू शकणारा हा उपग्रह दर बारा दिवसांनी तोच भूभाग पुन्हा पाहतो. भूकंप, हिमनद्या आणि शेती हे त्याचे विषय आहेत. मात्र वाळवंटात बदललेली जमीनही त्यात उमटणारच.

याच्या पुढचे पाऊल सरकारने टाकायला हवे. परदेशी भूभागाच्या, निदान पाच वर्षे जुन्या, कार्टोसॅट प्रतिमा विद्यापीठांना आणि नोंदणीकृत संशोधन संस्थांना माफक दरात खुल्या कराव्यात. जुन्या प्रतिमांनी आजच्या लष्करी हालचाली उघड होत नाहीत, पण बांधकामाचा क्रम समजण्यासाठी त्याच सर्वांत मोलाच्या असतात. शत्रूला मदत होईल, ही भीती इथे लागू पडत नाही, कारण चीनकडे त्याहून ताज्या आणि स्वतःच्या प्रतिमा आहेत. वंचित राहतो तो भारतीय अभ्यासक.

गोबीतल्या त्या सायलोंचा रोख मुख्यतः अमेरिकेकडे आहे. भारतावर मारा करण्यासाठी चीनला इतक्या लांब पल्ल्याची गरज नाही. तरीही त्यांचा परिणाम दिल्लीतल्या निर्णयांवर होतो. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये चीनकडे सुमारे ६००, भारताकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे होती. मार्च २०२४ मध्ये भारताने एकाच अग्नी-५ क्षेपणास्त्रावरून अनेक अण्वस्त्रे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे नेण्याची चाचणी घेतली. चीनचा आकडा फुगत गेला की आपलाही वाढवावा, असा आग्रह येत्या दशकात संसदेत आणि माध्यमांत जोर धरणार आहे. त्या चर्चेत किती सायलो बांधले गेले, किती वापरात आहेत आणि किती नुसतेच झाकणबंद उभे आहेत, याची स्वतंत्र भारतीय मोजणी समोर असेल, तर अंदाजपत्रकात संरक्षणासाठी मागितलेल्या रकमेवर खासदारांना नेमके प्रश्न विचारता येतील. अशी मोजणी करणारे वीस-पंचवीस अभ्यासक तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतात. ती तयारी याच शैक्षणिक वर्षापासून सुरू व्हायला हवी.